पातळ पत्र्याची होडी

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत ॲल्युमिनियमचं काम म्हणजे बहुतेक टाक्या, ट्रे, नाहीतर गाड्यांच्या बॉडीचे भाग. पण कृष्णाकाठची एखादी पातळ पत्र्याची होडीही अधूनमधून टेम्पोतून दारात येते. आणणाऱ्याचं बोलणं ठरलेलं असतं, "दोनच भोकं हाईत, जरा टाका मारा."

टाका शेवटी. आधी भोक कशानं पडलं ते बघायचं. दगडाला घासून फाटलेला पत्रा सरळ असतो, त्याची दुरुस्तीही सरळ. अवघड ते आतून खाल्लेलं भोक. तळाशी कुजका पाला साठतो, ओली वाळू बसते, किंवा लोखंडी बोल्ट पत्र्याला टेकून भिजत राहतो. तिथं पांढरी भुकटी धरते आणि पत्रा झिजत जातो. भोक टाचणीएवढं दिसतं, पण भोवती अंगठा दाबला की पत्रा आत जातो. अशा जागी टाका मारला तर भोक मोठंच होतं.

न दिसणारी भोकं शोधायची आमची जुनी रीत आहे. खडूची भुकटी पाण्यात कालवून बाहेरून फासायची आणि वाळू द्यायची. मग आतून रॉकेलचा बोळा फिरवायचा. रॉकेल आता मिळत नाही, पण डिझेलवर भागतं. थोड्या वेळानं पांढऱ्यावर ओला ठिपका उमटतो. त्याभोवती पेन्सिलीनं गोल काढायचा आणि तेलाचा अंशही राहणार नाही असं पुसायचं.

ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, त्याच्या अंगावरचा ऑक्साइडचा पापुद्रा मात्र 2000 अंशांच्या वर. लोखंड लाल होऊन सावध करतं. ॲल्युमिनियम रंग न बदलता एकदम खाली गळतं. म्हणून फक्त ॲल्युमिनियमसाठी ठेवलेला स्टेनलेसचा ब्रश, आर्गॉनचं टिग वेल्डिंग, एसी करंट आणि मागून तांब्याची पट्टी. एक थेंब टाकायचा, थांबायचं, पत्रा निवू द्यायचा.

खाल्लेल्या जागी मी वेल्डिंग करतच नाही. चांगला पत्रा लागेपर्यंत कापतो आणि गोल कोपऱ्यांचं ठिगळ सीलंट लावून बंद तोंडाच्या ॲल्युमिनियम रिव्हेटनी बसवतो. तडा असेल तर आधी त्याच्या टोकाला बारीक ड्रिल मारतो, म्हणजे तो पुढं पळत नाही. लोखंडी रिव्हेट स्वस्त पडतो, पण वर्ष-दोन वर्षांत त्याच्याच भोवती नवी गळती लागते. एम-सील पुरात वेळ मारून नेतं. त्याला दुरुस्ती समजू नये.

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं, 2021 ला पुन्हा पूर आला. पुरात लागणाऱ्या होड्या मात्र आमच्याकडे जूनमध्ये, पहिला पाऊस पडल्यावर येतात. गावकऱ्यांना एकच सांगणं आहे, एप्रिलमध्येच होडी पालथी घाला, पाला-वाळू काढून तळ धुवा, खडू लावून बघा, आणि ठिपका दिसला तर तेव्हाच या.