सुतळीचा गुंडा

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कितीतरी घरांची छपरे गेली. २०२२ साली सातवीच्या मुलांना मी म्हटले, "वाऱ्यात टिकेल असे घर करून आणा." सामान एवढेच : पुठ्ठा, बांबूच्या कामट्या, खळ आणि सुतळी.

परीक्षक म्हणजे शाळेतला उभा पंखा. बहुतेकांच्या भिंती जाडजूड. कारण वारा घराला ढकलतो, असे मीच सांगितले होते. पंखा सुरू झाला. भिंती जागच्या जागी राहिल्या आणि छपरे एकामागून एक उडाली.

एकीचे घर तेवढे उरले. भिंती लेच्यापेच्याच, पण छप्पर चौपाखी, आणि वाशांपासून खालच्या फळीपर्यंत सुतळीने आवळलेले.

"हे तुला कोणी सांगितले ग?"

"कोणी नाही, गुरुजी. आमचे छप्पर पडले नाही, वर गेले. मी खालून बघत होते."

छपरावरून वेगाने जाणारा वारा त्याला वर खेचतो आणि दारातून शिरलेला वारा आतून रेटतो, हे मी त्या रात्री पुस्तक काढून वाचले. तिने ते दहाव्या वर्षी पाहिले होते.

पहिल्या नंबराची वही तिने घेतली; मग हळूच उरलेली सुतळी मागितली. त्यांच्या घरावर अजून ताडपत्रीच होती. मी गुंडा तिच्या हातात ठेवला. सुतळीने खरे घर राहत नाही, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते.