टायरांची झीज व आमचा हट्ट

ज्यानें सारा जन्म मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं, त्यानें मोटारीच्या टायरांवर लिहावें, हा वाचकांस अव्यापारेषु व्यापार वाटेल. परंतु ज्या चुकीचा भुर्दंड साऱ्या घरास पडला, ती उघडपणें सांगणें आम्हांस कर्तव्य वाटतें.

आमचें एकत्र कुटुंब कोंकणांतलें. आंब्याच्या बागेकडे जाणारी वाट पावसाळ्यांत चिखलाची. म्हणून चारही चाकांस इंजिनाचा जोर देतां येणारी एक जुनी जीप घरीं आहे. ती आमचा पुतण्या चालवितो. गेल्या वर्षीं मागचे दोन टायर गुळगुळीत झाले, तेव्हां तो म्हणाला, "अण्णा, चारही एकदम बदलूं या." पुढचे निम्मे शिल्लक असतां ते टाकणें आम्हांस उधळपट्टी वाटली. दोनच आणले. शिवाय घाटांतल्या कोरड्या डांबरी रस्त्यावरहि चारही चाकांचा जोर जोडलेला असावा, असा आमचा आग्रह. दोन बैलांपेक्षां चार बरे, एवढेंच आमचें यंत्रशास्त्र!

कांहीं महिन्यांत पुढच्या टायरांच्या कडा करवतीसारख्या झाल्या. वळणावर गाडी अडखळूं लागली. आम्हीं सर्वांदेखत पुतण्यास "बेफाम हांकतोस" म्हणून खडसावलें. तो मान खालीं घालून उभा राहिला.

पुढें मिस्त्रीनें उलगडा केला. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां मोठ्या वर्तुळांत फिरतात; त्यांना अधिक अंतर कापावें लागतें. आमच्या जीपमध्यें जोर जोडला कीं पुढचा व मागचा आंस एकाच गतीनें फिरण्यास बांधले जातात. चिखलांत चाक किंचित् घसरून तो फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर तो टायरच्या रबरांतून वसूल होतो. त्यांत आमचे टायरहि असमान! ५ मिलिमीटर झिजलेल्या टायरचा परीघ सुमारें ३१ मिलिमीटरांनीं कमी होतो. सव्वादोन मीटर परिघाच्या चाकास हा फरक किलोमीटरमागें सुमारें १४ मीटर पडतो. ज्यांना अधिक चालायचें, तेच टायर लहान! हें त्रैराशिक आम्हीं स्वतः मांडून पाहिलें आणि निरुत्तर झालों.

अखेर पुढचेहि टायर घ्यावे लागले. आतां नियम असा: चारही टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे, दर ८ ते १० हजार किलोमीटरांनीं त्यांची अदलाबदल, हवा टायर थंड असतां मोजणें, चारही चाकांचा जोर केवळ चिखलांत किंवा सैल मातींत. खांच १.६ मिलिमीटरांहून कमी उरली, तर टायर बदलणें कायद्यानेंहि आवश्यक आहे.

टायरची झीज निदान डोळ्यांना दिसते. वडीलपणाच्या जोरावर बांधलेल्या माणसाची झीज दिसत नाहीं.

त्या रात्रीं पंगतींतच आम्हीं पुतण्यास म्हटलें, "बाळ, चूक माझी होती." क्षणभर सारे स्तब्ध झाले. मग तोच लाजून म्हणाला, "अण्णा, भात निवतोय."