आगार आणि वैयावच्च

मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी बार्शीहून एकटाच पुण्यास गेलो. त्यासाठी आदल्या रात्री आणि पहाटे मिळून 2 लिटर पाण्यातून रेचक घ्यावयाचे होते. चौविहार पाळणाऱ्यास येथेच पेच पडतो. परंतु आपल्या पच्चक्खाणातच ‘सव्वसमाहिवत्तियागार’ आहे. आजारात समाधी ढळू नये म्हणून औषधास दिलेली ती सवलत होय. गुरुमहाराजांना विचारून निःशंक मनाने निघालो.

पुढचा पेच हॉटेलने घातला. किटली बिघडलेली, त्यामुळे उकळलेले पाणी मिळेना. रेचकाचा अंमल ऐन भरात असताना रात्री 2 वाजता नळही कोरडा पडला. अहवालाची धास्ती, त्यात ही लाचारी! शेवटी रखवालदाराने तळमजल्यावरून बादल्या वाहिल्या, स्वतःच्या शेगडीवर पाणी उकळून दिले आणि पहाटेपर्यंत दोनदा दार ठोठावून विचारपूस केली.

तपासणी निर्विघ्न पार पडली. अहवालही निर्दोष आला. रुग्णसेवा, म्हणजेच वैयावच्च, हे सहा आभ्यंतर तपांपैकी एक. त्या गृहस्थास तो शब्द ठाऊक नसावा. मोठ्या शहरांतील आपल्या संघांनी परगावच्या रुग्णासोबत एक रात्र राहतील अशा दोघा-चौघांची नावे भोजनशाळेच्या फलकावर लिहून ठेवली, तर हे तप आपल्याही हातून घडेल.