प्रोप्रायटर कोण? मीच!

फ्रीलान्सिंग करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी एखादा क्लायंट म्हणतोच, ‘फर्मच्या नावानं बिल पाठवा ना!’ नाव ठरवणं सोप्पं असतं. (माझ्या फर्मचं सांगत नाही, उगाच जाहिरात व्हायची.) पण फर्मच्या नावाचा चेक सेव्हिंग्जला चालत नाही, करंट अकाउंट लागतं. आणि माझ्या त्या चेकमध्ये दोन महिन्यांचं घरभाडं होतं!

बँकेतल्या साहेबांचा पहिलाच प्रश्न, ‘मॅडम, फर्मचं रजिस्ट्रेशन?’

गंमत इथंच आहे. कंपनीला जन्मदाखला मिळतो, तसा प्रोप्रायटरशिपला मिळतच नाही. कारण ती म्हणजे तुम्हीच. पॅन तुमचं, इन्कम टॅक्स तुमचा आणि (हे कुणी सांगत नाही) फर्मचं कर्जही तुमचंच. म्हणून बँक तुमच्या पॅन-आधारबरोबर धंद्याचे आणखी दोन पुरावे मागते. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत त्यांची यादीच आहे. उद्यम, शॉप अॅक्ट, जीएसटी, फर्मचं उत्पन्न दाखवणारं आयटी रिटर्न, झालंच तर फर्मच्या नावाचं लाइट बिल. दोन मिळणं शक्यच नसेल, तर एकावरही भागतं, पण बँकेची खात्री पटली तरच!

उद्यम एकदम सोपं. १ जुलै २०२० पासून ही पद्धत आहे. आधार, पॅन, बँकेचा तपशील घरबसल्या भरायचा. कागद अपलोड करायचे नाहीत, फी शून्य. तरी पैसे मागणाऱ्या साइट्स आहेतच. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, तेवढं बघा. सेवा देणाऱ्यांना वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी सहसा सक्तीचा नाही. तिथवर पोचायला मला अजून वेळ आहे!

राहिला शॉप अॅक्ट, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेत गुमास्ता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार, एकट्यानं काम करणाऱ्याला नोंदणी नाही, ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. पण पत्त्याचा पुरावा हवा. माझा पुण्यातला फ्लॅट भाड्याचा, लाइट बिल घरमालक काकांच्या नावावर, आणि करारात स्पष्ट लिहिलेलं, ‘केवळ राहण्यासाठी’.

‘उद्या सोसायटी कमर्शियल मेंटेनन्स लावेल गं,’ काका म्हणाले. त्यांची भीती काही खोटी नव्हती. दारात बोर्ड नाही, गिऱ्हाईक नाही, फक्त एक लॅपटॉप, असं तीन संध्याकाळी चहाबरोबर समजावलं. चौथ्या दिवशी काकांनी स्वतःच्या हातानं ना-हरकत पत्र लिहून दिलं. अट एकच, बाहेर पाटी लावायची नाही.

आणि अर्जाला हवा होता मराठी पाटीसह जागेचा फोटो! मग फर्मचं नाव ठळक मराठीत छापलं, कामाच्या टेबलावरच्या भिंतीला चिकटवलं आणि फोटो काढला. चालला! दोन्ही कागद घेऊन बँकेत गेले. साहेबांनी यावेळी फक्त शिक्का मागितला. ‘प्रोप्रायटर’ लिहिलेला. तो शिक्का घरी चार कोऱ्या कागदांवर उगाचच उठवून बघितला, हे कबूल.

चेक वटला, काकांचं भाडं दिलं. आता व्यवसाय कराची नोंदणी करायचीय. वर्षाला २,५०० रुपये.