मेसचं बिल आणि ‘कोनिओ’

२०२२ साली, सेकंड इयरला, मेस कमिटीत माझी वर्णी लागली ती केवळ ‘याला सी येतं’ या अफवेमुळे! खाडे, गेस्ट, फीस्ट सगळा हिशोब वहीत, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला भांडणं. मी छाती ठोकून सांगितलं, प्रोग्राम लिहितो.

चार रात्री जागलो. माझ्या विंडोजवर तो काय पळायचा! फर्स्ट इयरची सवय, म्हणून वर ‘कोनिओ डॉट एच’, शेवटी ‘गेटच’. पाच तारखेला रेक्टर ऑफिसात पेन ड्राइव्ह लावला. तिथला पीसी उबुंटूवर. कंपाइल केलं तर पहिल्याच ओळीला उत्तर : अशी फाइलच नाही. दारात पोरांची गर्दी. मेसचे काका शांतपणे म्हणाले, “बाळा, वही आणू का?”

रात्री वरच्या मजल्यावरच्या दादाला गाठलं. तो म्हणाला, “कोनिओ सीचं नाहीच रे. डॉसच्या कंपायलरवाल्यांनी जोडलेलं शेपूट ते. १९८९ च्या प्रमाण सीमध्ये त्याचं नावही नाही.” ते काढलं, उबुंटूवर प्रोग्राम चालला. मी खूश. दादा नाही. जीसीसी न सांगता स्वतःच्या जादा सोयी चालू ठेवतो म्हणे. त्याने कमांडमध्ये दोन शब्द घातले, ‘एसटीडी बरोबर सी९९’ आणि ‘पेडँटिक एरर्स’. झालं, एररचा पाऊस! ‘१ ते ५ खाडे’ असा पल्ला मी स्विचच्या एकाच केसमध्ये लिहिला होता, तो जीएनयूचा लाड निघाला. तिथे साधा इफ आला. नावांची कॉपी करणारं ‘स्ट्रडप’ पॉझिक्सचं, कडक मोडमध्ये त्याचं डिक्लरेशनच लपतं. मॅलॉक आणि स्ट्रकॉपी वापरून चार ओळींचं स्वतःचं फंक्शन लिहिलं. (२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सी२३ ने हेच स्ट्रडप प्रमाण करून घेतलं. आमचं नशीब!)

पण हा पहारेकरीही सगळं पकडत नाही. विंडोजवर कोनिओची फाइल हजर असते, तिला तो मुकाट आत सोडतो. म्हणून मी रूममेटच्या आणि लॅबच्या मशीनवरही कंपाइल करून पाहिलं.

पुढच्या पाच तारखेला बिलं निघाली. सगळ्यात जास्त बिल माझं, कारण स्वतःचे खाडे भरायचेच राहिले होते. काकांनी वही उघडून दाखवली. त्यात ते होते.