बधिर

मराठीत ‘बधिर’ हा शब्द दोन घरी नांदतो. ज्याला ऐकू येत नाही तो बधिर, आणि दात उपटण्यापूर्वी दंतवैद्य हिरडी करतो तीही बधिरच. ‘बधिर’चा ‘बहिरा’ कसा झाला हे मी वर्गात कितीदा तरी फळ्यावर लिहिले असेल. पण या दोन अर्थांची गाठ माझ्याच कानात पडायची होती.

2024 च्या पावसाळ्यात एके सकाळी उठलो तो डाव्या कानाने ऐकू येईना. मळ साचला असेल, म्हणून सौभाग्यवती लसणीचे कोमट तेल घेऊन उभ्या! मी थेट कानाचे डॉक्टर गाठले. मळ नव्हताच, आतल्या कानाचे ऐकणे एकाएकी गेले होते. अशा वेळी दिवस दवडून चालत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या घ्यायच्या, शिवाय पडद्यातून सुई घालून औषध मध्यकर्णात सोडायचे ठरले.

“घाबरू नका सर, आधी कान बधिर करतो,” डॉक्टर म्हणाले.

“आणखी?” मी विचारले.

हा पडदा म्हणजे कांद्याचा पापुद्रा. जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी, पण थर तीन! बाहेरचा थर कातडीचा. हिरडीत टोचायचे लिडोकेन नुसते थेंबाथेंबाने टाकले तर ते या कातडीतून नीट झिरपत नाही. म्हणून फिनॉल. 1867 साली लिस्टरने ज्याच्या जोरावर जखमा सडू न देण्याचा मार्ग दाखवला, तेच हे कार्बॉलिक आम्ल. डॉक्टरांनी ते सळईच्या टोकाने मोहरीएवढ्या जागेला लावले. क्षणभर मिरची झोंबल्यासारखे झाले, आणि मग काहीच नाही.

ती जागा म्हणे लगेच पांढरी पडते. तव्यावर अंड्याचा पांढरा भाग थिजतो, तशी तिथली प्रथिने थिजतात. सरळच सांगायचे तर मोहरीएवढे जाळायचे, म्हणजे टोचलेले कळत नाही. मला त्या मोहरीची चुटपुट लागली. पण पडद्याची कातडी मोठी चालती असते! मधून कडेला आणि तिथून कानाच्या नळीत ती सारखी सरकत असते; जळका ठिपका तिच्याबरोबर निघून जातो, आणि सुईचे भोकही बहुधा आपोआप बुजते.

मग भुलीचे मलमच का लावत नाहीत? लावतात, पण त्याला वेळ लागतो, आणि टोचण्यापूर्वी ते पुसून काढावे लागते. मध्यकर्णातून आतल्या कानाकडे एक गोल खिडकी आहे. माझे स्टेरॉइड तिथूनच आत जायचे होते. जी वाट औषधाला खुली, तीच मलमालाही. गिनीपिगांच्या मध्यकर्णात असे मलम घातल्यावर आतल्या कानाला इजा झालेली आढळली आहे. पडद्याला भोक असताना दुकानातून ठणक्याचे थेंब आणून कानात ओतू नयेत, ते यासाठीच.

सुई कळली नाही. औषध आत गेले तेव्हा मात्र खोली गरगरा फिरली, आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला. असे चार आठवडे चार वेळा झाले. घड्याळाची टिकटिक त्या कानाला अजून ऐकू येत नाही. कुकरची शिट्टी येते. सौभाग्यवती मात्र बोलायच्या असल्या की उजव्या बाजूला येऊन बसतात.