न्हाणीघर

वाईच्या आमच्या पेशवेकालीन वाड्यात माडीवर ऐषारामी स्नानगृह बांधावयाचे धाकट्या भावाने ठरविले आणि आराखडा मजकडे दिल्लीस पाठविला. मी कारकुनी बाण्याने त्यावर शेरे ओढले: ‘टबातील 300 लिटर पाणी म्हणजे 300 किलो भार, जुन्या तुळयांना तो पेलेल काय? चुन्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा नको. ओल आत कोंडते. तळमजल्यावरील दगडी न्हाणी, तांब्याचा बंब जसेच्या तसे ठेवावे.’

रजेवर गेलो. पहाटे आई न्हाणीच्या उंच उंबऱ्याशी भिंत चाचपडत उभी दिसली. मी हात दिला. ती म्हणाली, “तुला आठवणीसाठी न्हाणी हवी, बाबा, मला धरायला काहीतरी हवं.”

माझ्या शेऱ्यांत आईचा उल्लेखच नव्हता!

त्याच रात्री आम्ही दोघा भावांनी नवा आराखडा काढला. स्नानगृह तळमजल्यावरच, उंबरा काढून टाकलेला, फरशी खरबरीत, चुन्याचाच गिलावा, गळती चटकन दिसावी म्हणून नळ भिंतीबाहेरून. बसावयास दगडी बैठक, धरावयास पितळी दांडी. बंब कोपऱ्यात राहिला. टब मात्र आम्ही दोघांनीही सोडला.

आता आई कुणाला हाक न मारता स्नान करते.